तपासनिसाचे पाइप

६ जून

मेव्हणे महाशयांस,

विषय : हाताने पाइप बनविण्याच्या छंदाबाबत मार्गदर्शन मिळणेविषयी.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवितो की, मी फर्निचर तपासणी खात्यातून मुख्य तपासनीस म्हणून निवृत्त होऊन आठ महिने झाले. पहिले तीन महिने मी घरातल्या वस्तूंची तपासणी केली. त्यात चार दारे, दोन खिडक्या आणि तुमच्या ताईची कांदा चिरण्याची पद्धत सदोष आढळली. तसे तिला लेखी कळविताच ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "यांच्या हातांना काहीतरी काम द्या, म्हणजे तोंडाचं कमी होईल."

न्हाव्याच्या दुकानात एका जुन्या मासिकात वाचले की, कोणी निवृत्त न्यायाधीश तंबाखू ओढण्याचे पाइप स्वहस्ते बनवितात. मी स्वतः तंबाखूला कधी शिवलो नाही. तथापि न्यायाधीशांना जे शोभते ते तपासनिसाला शोभण्यास हरकत नसावी.

पूर्वतयारी झाली आहे. सात खिशांचा एप्रन, तीन पुस्तके, एक भिंग, बारा कानशींचा संच आणि सूक्ष्म मापे घेण्याचा माझा जुना व्हर्निअर. मागच्या गॅलरीला 'कार्यशाळा : परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी लावली आहे. तुमच्या ताईला कपडे वाळत घालण्यापुरती कायमची परवानगी दिली आहे. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, ती सहजी जळत नाही, म्हणून पाइप तिचेच करतात. अशा सहा गाठी मागविल्या. अद्याप एकीलाही हात लावलेला नाही, कारण तिसरे पुस्तक वाचून व्हायचे आहे.

तंबाखूच्या वाटीचे भोक आधी पाडावे की दांडीतले, यावर तीन पुस्तकांत तीन मते आहेत. तुम्ही सुतार असल्याने तुमचे मत कळवावे.

आपला सतरा वर्षे पत्रव्यवहार नाही याची मला जाणीव आहे. त्या प्रकरणाचा या पत्राशी संबंध जोडू नये.

तुमच्या ताईचे यजमान

ता. क. धाकट्या, हे पत्र यांनी चारदा फाडून पाचव्यांदा लिहिलंय. न्हाव्याच्या मासिकावर जाऊ नकोस. मी मातीकाम सुचवलं, बागकाम सुचवलं, पण पाइपच हवा म्हणून हटून बसले. आपल्या सगळ्या गोतावळ्यात पाइप ओढणारा माणूस मला एकच माहीत आहे. उत्तर दे. – ताई


१९ जून

भाऊजींना नमस्कार.

पाकीट बघून आधी वाटलं, खात्याची नोटीसच आली. बायको म्हणाली फोन कर. म्हटलं, त्यांचा आवाज ऐकायची अजून तयारी नाही, लिहितो.

संबंध जोडू नका म्हणता. जोडत नाही, फक्त आठवण करतो. वाचनालयासाठी मी चाळीस खुर्च्या केल्या. तुम्ही तपासल्या आणि चाळीसच्या चाळीस नापास केल्या. पाय सांध्यात हलतात, अर्ध्या सुताचा फरक आहे म्हणून. माझ्या दुकानातून निघाल्या तेव्हा त्या खुर्च्यांवर हत्ती बसला असता. तुमच्या गुदामात तीन आठवडे ओल्या भिंतीला टेकवून ठेवल्या, मग पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये आणून चार दिवसांनी मोजल्या. तेव्हाही हे सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "माप खोटं बोलत नाही." सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही म्हणून तुम्हाला प्रशस्तिपत्र मिळालं. माझ्या दुकानाला कुलूप लागलं. आता मी दुसऱ्याच्या कारखान्यात प्लायवूडची कपाटं ठोकतो.

तेव्हा मी ताईला सांगितलं होतं, तू ये, त्यांना आणू नकोस. ती म्हणाली, यांना सोडून कशी येऊ. आली नाही. माझी दोन्ही पोरं मोठी झाली, पण त्यांनी आत्या फक्त फोटोत पाहिलीय.

आता तुमचा प्रश्न. आधी दांडीतून धुराचं भोक, मग वाटी. वाटीच्या तळाशी दोघांची गाठ पडली पाहिजे. पुस्तकात हे नसेल तर पुस्तक शेगडीत घाला. एप्रनचे सहा खिसे शिवून टाका, हत्यार हातात असावं.

पाइप झाले की पाठवा. तपासून कळवीन.

धाकटा

मला पाइप ओढताना बघून तुम्ही नाक मुरडायचात. आता तुम्ही पाइप करणार. ही थट्टा असेल तर मला कळली नाही.


२२ जुलै

मेव्हणे महाशयांस,

थट्टा हा प्रकार माझ्या सेवाकाळात माझ्याकडून घडलेला नाही.

सोबत नमुना क्रमांक १ व २ पाठवीत आहे. पहिली गाठ शिकंज्यातून निसटून शेजारच्या दंतवैद्यांच्या गॅलरीत गेली. ती त्यांनी परत केली, पण 'दात काढताना मीसुद्धा इतका जोर लावत नाही' असा अनावश्यक शेरा मारला.

कामाबाबत समाधान आहे. वाटीचे भोक आराखड्याप्रमाणे अचूक आहे. धुराचे भोकही अचूक आहे. मात्र ओढून पाहिले असता हवा येत नाही. दोष माझ्या दमाचा असावा असे समजून तुमच्या ताईकडून ओढवून घेतले. तिचाही दम कमी पडला.

दरम्यान मी येथील हस्तनिर्मित पाइप मंडळाचा सभासद झालो. एकूण नऊ सभासद आहेत. दर रविवारी जमतो. मेणाचे पॉलिश श्रेष्ठ की तेलाचे, यावर तीन रविवार खडाजंगी झाली व मंडळात दोन गट पडले. नंतर चौकशीत असे आढळले की, माझ्याखेरीज आठांपैकी एकानेही अजून पाइप पूर्ण केलेला नाही. माझे दोन झाल्यामुळे मला एकमताने दर्जा उपसमितीचा अध्यक्ष करण्यात आले.

आपला स्पष्ट अभिप्राय कळवावा. नात्याचा विचार करू नये.

तुमच्या ताईचे यजमान


१ ऑगस्ट

तपासणी अहवाल.

नमुना क्र. १ : वाटी आणि धुराचं भोक यांची गाठ पडलेली नाही. एकाच घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत. नापास.

नमुना क्र. २ : भोक वाटीच्या तळातून खाली बाहेर आलं आहे. यात तंबाखू भरली तर ओढणाऱ्याची मांडी भाजेल. नापास.

नात्याचा विचार केलेला नाही.

भाऊजी, हे लिहिताना मला किती बरं वाटलं ते सांगत नाही. दोनदा मोठ्यानं वाचलं. बायको म्हणाली, आता पुरे. तेव्हा कामाचं सांगतो. गाठीच्या अंगावर पेन्सिलीनं दोन्ही भोकांच्या रेघा काढा, म्हणजे आत कुठे भेटायचं ते बाहेरून दिसेल. गिरमिटाच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी लाकडाला टेकली की थांबा. थांबणं महत्त्वाचं. आणि तो व्हर्निअर कपाटात ठेवा. अंगठा फिरवून बघा, अंगठ्याला कळतं.

कानस तुम्ही दोन्ही दिशांनी घासता हे लाकूड बघून समजलं. पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची.

आणि मला 'महाशय' नको, 'तुम्ही' नको. लग्नापासून तुम्ही मला अरे-तुरेच करत होतात. खुर्च्या नापास झाल्या त्या दिवशी मी 'तुम्ही' झालो.

धाकटा


२५ ऑगस्ट

प्रिय मेव्हणे,

संबोधनाबाबतची सूचना विचाराधीन आहे.

कानशीबाबत तुमचे म्हणणे बरोबर निघाले. तिसरी व चौथी गाठ वाया गेली, त्यांचे वर्णन करीत नाही. पाचवीत दोन्ही भोके भेटली. ओढल्यावर हवा आली तेव्हा मी एकटाच होतो. कोणाला सांगावे ते कळेना, म्हणून दंतवैद्यांना हाक मारून दाखविले. त्यांनी पाहून "छान" म्हटले. छत्तीस वर्षांत मी हा शब्द अहवालात वापरल्याचे आठवत नाही. ऐकायला बरा आहे.

परंतु एक गंभीर बाब निदर्शनास आणतो. ओठांत धरायची काळ्या रबराची तोंडी दांडीत बसवायची असते. बुधवारी ती बरोबर बसली. मी मोजले, नोंद केली, सही केली. नंतर आठवडाभर पाऊस लागून राहिला. पुढच्या बुधवारी तीच तोंडी आत जाईना. मी ती कानशीने उतरवली, पुन्हा नोंद, पुन्हा सही. मग चार दिवस कडक ऊन पडले आणि काल ती आपोआप गळून चहाच्या कपात पडली. त्याच वस्तूची माझ्याच सहीची तीन मापे आहेत आणि तिन्ही वेगळी.

व्हर्निअर तपासून आणला. तो निर्दोष आहे. पुस्तकाच्या लेखकाला खरमरीत पत्र धाडले आहे. यात कोण चुकले, ते कळवावे.

ताईचे यजमान


२ सप्टेंबर

भाऊजी,

कुणीच चुकलं नाही. लाकूड ओलीत फुगतं, उन्हात आकसतं. बुधवारचं माप बुधवारपुरतं. चार-आठ दिवस सावलीत ठेवा, सवयीच्या हवेत आलं की जागेवर येतं. मग तोंडी बसवा.

सुताराच्या पोराला हे चालायला लागण्याआधी कळतं. तुम्ही छत्तीस वर्षं लाकूड मोजलंत. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

मी सांगितलं होतं.

धाकटा


४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या पत्रात विंचू होता की काय ते तुलाच ठाऊक. महिना झाला, हे घरात धड बोलत नाहीत. मंडळाच्या उपसमितीचा राजीनामा दिला. पाइप गुंडाळून ठेवलेत. जेवणाच्या टेबलाच्या एका खुर्चीचा पाय सकाळी मोजायचा आणि संध्याकाळी मोजायचा, एवढंच चाललंय. भिंतीवर तक्ता लावलाय. अंघोळीचं गरम पाणी त्या खुर्चीशेजारी बादलीत ठेवतात, वाफ लागते म्हणून, आणि स्वतः गार पाण्यानं अंघोळ करतात.

मधल्या काळात पाच वेळा जुन्या ऑफिसात जाऊन आले. गुदामाची जुनी वही शोधतोय म्हणाले. काल सहाव्यांदा गेले. परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत धूळ, डोळे लाल. रात्री मी जेवायला वाढलं तर उभ्यानं जेवले. म्हटलं, बसा की. तर म्हणाले, "बसायची माझी लायकी नाही."

धाकट्या, मी तुझी बाजू घेतली नाही म्हणून तू मनात धरलंस, आणि यांची घेतली नाही म्हणून यांनी. सतरा वर्षं मी मधल्या भिंतीसारखी दोन्हीकडचं ऐकते. आता यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, पण माणूस खचलाय. तुला राग असेल तर असू दे. दोन ओळी बऱ्या लिही.

तुझी ताई


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

या पत्राला विषय घातलेला नाही. चारदा घालून पाहिला, बसेना.

गुदामाची वही सापडली. तुझ्या खुर्च्या बावीस दिवस उत्तरेच्या भिंतीला होत्या. त्याच महिन्यात त्या भिंतीच्या ओलीबद्दल गुदामरक्षकाने दोन अर्ज केले होते. दोन्ही अर्जांवर माझी सही आहे, 'पाहिले' अशी.

नापास माल पंधरा दिवसांत उचलायचा नियम होता. तू रागाने उचलला नाहीस. तो खात्यात जमा झाला. पुढे त्याचे काय झाले ते मी कधी विचारले नाही. या महिन्याच्या सुरुवातीला विचारले. गुदामरक्षक हसायला लागला. म्हणाला, "साहेब, त्या टाकून कशाला देऊ? आपल्याकडेच खुर्च्या कमी होत्या. दोन महिने कोरड्या खोलीत ठेवल्या, दोन-तीन सोडल्या तर एकीचाही पाय हलेना. मग सगळ्या ऑफिसभर वाटून टाकल्या."

मी वर गेलो. माझी जुनी खुर्ची उलटी केली. बैठकीखाली तुझ्या दुकानाची खूण आहे. मुख्य तपासनीस झाल्यापासून निवृत्तीपर्यंत मी अकरा वर्षे तिच्यावर बसलो. तिच्यावर बसून इतरांच्या खुर्च्या नापास केल्या. ती एकदाही कुरकुरली नाही. निरोप समारंभात साहेब म्हणाले होते की, हा माणूस आपल्या जागेवरून तसूभर हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तुझ्या ताईने पाइपचे खरे कारण तुला केव्हाच कळवले असणार, सांगितल्यावाचून ती राहायची नाही. तुला एक पाइप करून द्यावा आणि सोबत दोन शब्द लिहावेत, असे निवृत्त झाल्यापासून मनात होते. शब्द येत नव्हते, म्हणून पाइपकडे वळलो. तो सोपा वाटला होता.

मी चुकलो. हे वाक्य लिहिण्याचा मला सराव नाही, तरी समजून घे. तुझे दुकान गेले ते माझ्यामुळे. तू ओलीचे सांगितलेस तेव्हा उत्तर देता येईना, म्हणून नियम सांगितला.

सहाव्या गाठीचा पाइप सोबत आहे. व्हर्निअर लावलेला नाही. तपासून कळव. तू म्हणशील तर तुझ्या ताईला तिकडे आणून सोडतो. मी बसस्टँडवरूनच परत फिरेन.

तुझा भाऊजी


२६ ऑक्टोबर

भाऊजी,

पाइप मिळाला. ओढणं मी चार वर्षांपूर्वी सोडलं, छातीच्या डॉक्टरनं धाक घातला म्हणून. रिकामाच तोंडात धरून हे लिहितोय. डाव्या अंगाला थोडा जाड आहे, धरायला मात्र बरा वाटतो. तोंडी घट्ट आहे. पास.

तुमचं पत्र कारखान्यात वाचलं आणि पुढचे दोन तास एकाच फळीला खिळे मारत बसलो. माफ केलं असं लिहायला घेतलं, पण लिहिताच हात थांबला. भाऊजी, तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही.

सदतीस खुर्च्या ठणठणीत होत्या. तीन नव्हत्या. शेवटच्या आठवड्यात लाकूड कमी पडलं, मी ओलंच कापून वापरलं. माहीत होतं. कारागिरानं विचारलंही, "मालक, हे चालेल का?" मी म्हटलं, तपासायला आमचे भाऊजीच आहेत, चालवून घेतील.

तुम्ही चाळीसही नापास केल्यात तेव्हा माझी सुटका झाली. तीनच केल्या असत्या तर मला मान खाली घालावी लागली असती. चाळीस केल्यामुळे मी सतरा वर्षं ताठ मानेनं रागावलो. बायकोला सांगितलं नाही, ताईलाही नाही. ताईला ये म्हणून लिहिलं, पण न्यायला कधी आलो नाही, त्याचं एक कारण हेही असेल. ती समोर बसली असती तर तोंडातून निघालं असतं.

दुकान मात्र तुमच्यामुळेच गेलं. तेवढं खरं आहे आणि ते मी सोडत नाही.

आता तुम्हीच ठरवा. यायचं तर दोघं या, बसस्टँडवरून परत फिरायची भाषा नको. नसेल यायचं तर तसं लिहा, मी समजून घेईन.

धाकटा


३० ऑक्टोबर, जेवणाच्या टेबलावर

अहो,

धाकट्याचं पत्र तुम्ही काल चष्मा लावून तीनदा वाचलंत आणि सकाळी कागद घेऊन बसलात. तीन आणि सदतीसचं काहीतरी मांडत होतात. त्या तीन खुर्च्यांचे पाय नेमके किती हलत होते ते त्याला विचारायचा मसुदा मी बघितला. तिकडून त्याचं उत्तर येईल, मग तुमचं जाईल. मी ओळखते दोघांना.

तुम्ही न्हाव्याकडे गेला आहात. मी सकाळच्या बसनं धाकट्याकडे निघाले आहे. भात-आमटी झाकून ठेवली आहे. खुर्चीवर बसून जेवा.

तुम्हा दोघांची पत्रं वाचून माझ्या मनात आलं की तुम्ही चूक कबूल केलीत, त्यानंही केली, आता राहिले मी. यांना सोडून कशी येऊ, असं मी तेव्हा म्हटलं. लोक म्हणाले, काय बाई आहे. मला ते ऐकायला आवडलं, म्हणून पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तुम्ही मला कधी अडवलं नव्हतं. त्यानं दार बंद केलं नव्हतं, ये म्हणून त्यानं दर वर्षी एक तरी पत्र टाकलं. बसला तेव्हाही पाच तास लागायचे आणि आजही पाचच लागतात. दोन पोरं तेवढ्यात मिसरूड फुटेपर्यंत वाढली, आणि मी त्यांना उचलूनसुद्धा घेतलं नाही.

तुमची चूक एका दिवसाची होती आणि त्याची एका आठवड्याची. माझी मात्र रोजची होती, सतरा वर्षं.

तुम्ही उद्याच्या बसनं या. मी आज थांबत नाही.